आयर्लंडच्या केरी काउंटीहून (जिल्ह्यातून) अमेरिकेत आलेल्या पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधावं?

रानजाई
मंडळी, मदत हवी आहे. सासूबाईंचे आजोबा आयरिश कॅथलिक. १८८४ च्या सुमारास अमेरिकेत आले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला स्थायिक झाले. त्यांचं आयर्लंडमधलं नेमकं गाव शोधायचं आहे. हाती एवढेच कागद आहेत:

१९०० ची अमेरिकन जनगणना: जन्म मे १८६४, आगमन १८८४, नागरिकत्वाच्या रकान्यात 'एनए'.
१९१० ची जनगणना: वयाचा हिशेब केला तर जन्म १८६६ चा निघतो.
मृत्यूचा दाखला, १९३१: जन्मस्थान नुसतं 'आयर्लंड', वडील पॅट्रिक, आईच्या नावापुढे 'माहीत नाही'. माहिती देणारा जावई.

बायकोही आयरिशच. लग्न स्प्रिंगफील्डला १८९० च्या आगेमागे झालं. घरात 'आपण केरीचे' एवढंच बोललं जातं. नाव-आडनाव इथे देत नाही, पण दोन्ही केरीत पैशाला पासरी आहेत. साइटवर टाकलं की माणसांचा ढीग समोर येतो आणि कोण आपला हे कळत नाही.

आयर्लंडमधल्या कोणत्या नोंदींपासून सुरुवात करू? १९२२ च्या आगीत सगळं जळालं म्हणतात, मग उरलंय काय? आणि पैसे कुठे खर्च करावेत, कुठे करू नयेत?

जुनं दप्तर
आयर्लंडच्या साइट सध्या बंद ठेवा. तिथले जवळजवळ सगळे कागद जागेनुसार लावलेले आहेत, आणि जागा म्हणजे काउंटी नव्हे, टाउनलँड, म्हणजे जमिनीचा सगळ्यात लहान सरकारी विभाग. असे टाउनलँड साठ हजारांहून जास्त आहेत, त्यातले कितीतरी सारख्याच नावाचे. जागा हाती नसताना नुसत्या नाव-सालावर शोधलं की तुमच्यासारखी गत होते, आणि मग लोक त्या ढिगातला एक बरा दिसणारा माणूस उचलून सुतावरून स्वर्ग गाठतात. ऑनलाइन वंशवृक्षांतले निम्मे बादरायण संबंध असेच जुळलेले असतात.

गाव अमेरिकेतच मिळवायचं. तुमच्या बाबतीत क्रम असा लावा.

पहिला कागद लग्नाचा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यपातळीवर जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आहेत आणि जुन्या वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट दिसतात. १८९० च्या आसपासच्या लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही बहुधा असतं. लग्नात माहिती खुद्द नवरदेवाने दिलेली असते. मृत्यूच्या दाखल्यावर ती जावयाने दिली आहे, ज्याने सासूसासऱ्यांचे आईबाप कधी पाहिलेच नाहीत. त्यामुळे दोन्हींत फरक पडला तर लग्नाची नोंद खरी धरा. 'माहीत नाही'चं कोडं इथे बहुतेक सुटेल.

दुसरं नागरिकत्व. 'एनए' म्हणजे पूर्ण नागरिक झालेला. ('पीए' असतं तर फक्त पहिला अर्ज केलेला, 'एएल' असतं तर परकीय.) २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव, जन्मतारीख, जहाज, सगळं येतं, तुमचा माणूस त्याआधीचा. त्या काळी कुठल्याही न्यायालयात नागरिक होता येई आणि नमुना ठरलेला नव्हता. बऱ्याच अर्जांत 'ग्रेट ब्रिटन व आयर्लंडच्या राणीशी निष्ठा सोडतो' एवढंच सापडतं. पण मॅसॅच्युसेट्समधल्या काही अर्जांत जन्मगाव असतं, शिवाय साक्षीदार असतात. न्यू इंग्लंडमधल्या न्यायालयांतल्या १७९१ ते १९०६ च्या अर्जांची एकत्रित सूची आहे, तिच्यातून न्यायालय आणि खंड-पान काढा आणि मूळ अर्जाची प्रत मागवा. सूचीचं कार्ड पाहून थांबू नका, साक्षीदार अर्जावर असतात. बायकोचा अर्ज शोधू नका. १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक होई.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात फळणारं: त्यांची भावंडं, पुतणे, भाचे. आयरिश माणूस सहसा एकटा येत नसे. एक आला की तो तिकिटाचे पैसे पाठवून पुढच्याला बोलावून घेई. १९०७ पासूनच्या जहाजांच्या याद्यांत मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता, इथे कोणाकडे चाललाय त्याचं नाव-पत्ता आणि जन्मगाव असे रकाने आले. म्हणजे १९०७ ते १९१४ मध्ये 'काका, अमुक रस्ता, स्प्रिंगफील्ड' असं सांगून उतरलेली एखादी पुतणी सापडली की तिच्या ओळीत काकाचं गाव मिळालं. १९०० आणि १९१० च्या जनगणनेतून त्यांचा स्प्रिंगफील्डमधला पत्ता काढा आणि तो यादीतल्या पत्त्याशी ताडून पाहा. तसंच ५ जून १९१७ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डावर जन्मगावाचा रकाना आहे. तेव्हा २१ ते ३० वर्षांचे असलेले पुतणे-भाचे तिथे मिळतील. १९३६ नंतर नोकरीत असलेलं एखादं भावंड असेल तर त्याचा सोशल सिक्युरिटीचा (अमेरिकन सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेचा) मूळ अर्ज मागवा, त्यावर आईवडिलांची पूर्ण नावं असतात.

त्यांची स्वतःची १८८४ ची जहाजयादी शोधण्यात मात्र आठवडे घालवू नका. त्या काळच्या यादीत नाव, वय, धंदा, 'आयर्लंड'. सापडली तरी गाव मिळत नाही, आणि त्या नावाचे पाच-सहा जण त्याच वर्षी उतरलेले असतात. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या तर १८९० पूर्वीच्या टिकलेल्याच नाहीत. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या तपासणी केंद्रात नाव बदललं, ही गोष्टही सोडून द्या. एलिस बेट १ जानेवारी १८९२ ला उघडलं, आणि याद्या जहाज कंपन्या निघायच्या बंदरातच करत.

वसईचा वारा
वर छान लिहिलंय. चर्चची बाजू राहिली, ती मी भरतो.

सरकारी नोंदीत 'आयर्लंड' लिहिणारा माणूस चर्चमध्ये धर्मग्रामाचं (पॅरिशचं) नाव सांगत असे, कारण फादरही बऱ्याचदा आयरिशच आणि त्यांना 'आयर्लंडमध्ये कुठे?' हे विचारायचंच असे. म्हणून स्प्रिंगफील्डच्या ज्या चर्चमध्ये लग्न झालं, तिथली वही मिळवा. राज्याच्या नोंदीत लग्न लावणाऱ्या फादरांचं नाव असतं. त्या वर्षीच्या शहराच्या डिरेक्टरीत ते कुठल्या चर्चचे ते पाहा.

एक सावधगिरी. बॉस्टन धर्मप्रांताच्या १७८९ ते १९२० च्या वह्या अमेरिकन अँसेस्टर्सच्या साइटवर आहेत आणि मॅसॅच्युसेट्स म्हटलं की सगळे तिकडे बोट दाखवतात. पण स्प्रिंगफील्ड १८७० मध्येच वेगळा धर्मप्रांत झाला. तुमचं लग्न बॉस्टनच्या वह्यांत असणार नाही. स्प्रिंगफील्ड धर्मप्रांताला किंवा थेट त्या चर्चला लिहावं लागेल. लिहिताना 'वंशावळीसाठी पूर्ण नोंदीचा फोटो किंवा शब्दशः उतारा हवा, शेऱ्यांसकट' असं स्पष्ट म्हणा. तसं न म्हटल्यास छापील दाखला भरून येतो, आणि छापील दाखल्यात मूळ गावाचा रकाना नसतो. वहीत असलेलं गाव दाखल्यात गळतं. सोबत थोडी देणगी पाठवण्याची पद्धत आहे.

दुसरं म्हणजे समासातले शेरे. एप्रिल १९०८ पासून रोमच्या आदेशाप्रमाणे लग्न लागलं की त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाला कळवावी लागते आणि ती बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहिली जाते. आपल्याकडे वसईतही लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा उतारा मागतात तो यासाठीच. तुमच्या माणसाचं लग्न १८९० चं, त्याला हे लागू नाही; पण १९०८ नंतर अमेरिकेत लग्न झालेल्या एखाद्या धाकट्या नातलगाच्या आयरिश नोंदीशेजारी 'स्प्रिंगफील्ड, अमेरिका' असा शेरा सापडू शकतो. तसा मिळाला तर कुटुंब पक्कं.

तिसरं, त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यात धर्ममाता-धर्मपिता कोण होते ते लिहून काढा. पहिल्या दोन-तीन मुलांना बहुधा सख्खी भावंडं उभी राहतात.

नकाशेवाला
स्प्रिंगफील्ड आणि केरी हे दोन शब्द एकत्र आले की मी पहिल्यांदा केरीतल्या डिंगल द्वीपकल्पाकडे बघतो. स्प्रिंगफील्डच्या हंग्री हिल भागात डिंगलकडचे आणि ब्लास्केट बेटांवरचे लोक मोठ्या संख्येने वसले होते. हा पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करायचा हे ठरवायला पुरेसं आहे.

आता आगीबद्दल, कारण 'सगळं जळालं' हे ऐकून लोक हात टेकतात. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार उडालं. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना थोडे तुकडे वगळता गेल्या, मूळ मृत्युपत्रं गेली, आणि तिथे जमा केलेल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या (प्रॉटेस्टंट) वह्या गेल्या. १८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र आगीत गेल्या नाहीत, त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या तर पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी. कॅथलिक वह्या चर्चमध्येच होत्या, त्या वाचल्या. १८६४ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी दुसरीकडे होत्या, त्याही वाचल्या. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत आणि फुकट आहेत. तुमच्या कामाचं बहुतेक सगळं शाबूत आहे.

जागेची उतरंड मात्र आधी पाठ करा, गाडं नेहमी इथेच अडतं. टाउनलँड, मग सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी, ही जमीन-महसुलाची मालिका. सरकारी जन्म-मृत्यूची नोंद मात्र पुअर लॉ युनियनच्या (गरिबांना मदत देण्यासाठी आखलेल्या विभागाच्या) हद्दीवर बेतलेल्या रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्टप्रमाणे, आणि ही हद्द काउंटीची सीमा ओलांडून जाते. कॅथलिक धर्मग्राम तिसराच. त्याचं नाव सिव्हिल पॅरिशहून वेगळं असू शकतं. कागदावर 'डिंगल' दिसलं तर ते शहर आहे, धर्मग्राम आहे की रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट, हे आधी ठरवा. जन्माच्या सूचीतलं 'डिंगल' म्हणजे डिस्ट्रिक्ट, द्वीपकल्पाचा बराच मोठा भाग त्यात येतो.

ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनबद्दल दोन शब्द. १८४७ ते १८६४ दरम्यान काउंटीवार छापलेली ही करआकारणीची यादी. केरीचा भाग १८५० च्या दशकाच्या सुरुवातीचा. आस्क अबाउट आयर्लंड साइटवर नकाशांसकट फुकट. याला आयर्लंडचा सातबारा म्हणतात, पण तसा वाचू नका: यात मालकी नाही, वहिवाट आहे. डावीकडे कसणारा, शेजारच्या रकान्यात त्याने ज्याच्याकडून खंडाने घेतली तो, मग घर-जमीन-गोठा असं वर्णन, मग एकर-रूड-पर्च (४० पर्च म्हणजे १ रूड, ४ रूड म्हणजे १ एकर), शेवटी आकारणी. घरातली बायकामुलं नाहीत, फक्त कर्ता.

पहिल्या रकान्यातला आकडा म्हणजे नकाशावरचा तुकडा. आकड्यापुढे मोठं अक्षर असेल तर एकाच कुळाचे वेगवेगळे तुकडे; लहान अक्षर असेल तर त्या तुकड्यातली वेगवेगळी घरं. आणि केरीसाठी खास: एका टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे-तिघे असले की नावापुढे कंसात बापाचं नाव किंवा टोपणनाव छापलेलं असतं. जॉन सलिव्हनपुढे कंसात 'डॅन' म्हणजे डॅनचा मुलगा जॉन. संगणकाच्या सूचीत हे कंस गळतात, म्हणून छापील पानाची प्रतिमा उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आडनावं दोन्ही माहीत झाली, म्हणजे वडिलांचं आणि आईच्या माहेरचं, की आयरिश वंशावळीचे अभ्यासक जॉन ग्रेनम यांच्या साइटवर दोन्ही एकत्र टाकून ग्रिफिथमध्ये ती कुठल्या पॅरिशमध्ये जोडीने येतात ते दिसतं. अख्खी काउंटी चार-पाच पॅरिशवर येते.

रानजाई
सगळ्यांचे आभार. फॅमिलीसर्चवर लग्नाची नोंद मिळाली! वडील पॅट्रिकच, आई 'नोरा' आणि माहेरचं आडनाव स्पष्ट वाचता येतंय. स्प्रिंगफील्ड धर्मप्रांताला पत्र धाडते आहे. तोवर आयर्लंडच्या साइट उघडायला हरकत नाही ना? नेमकं कसं शोधू? 'नोरा' टाकलं की काहीच येत नाही.

जुनं दप्तर
आता उघडा. केरीचं नशीब चांगलं आहे: सरकारच्या आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई साइटवर सरकारी नोंदींबरोबर केरीच्या चर्चच्या नोंदीही फुकट आहेत. रूट्सआयर्लंड या पैसे घेणाऱ्या साइटचं सदस्यत्व यासाठी घेऊ नका. आयर्लंडहून छापील दाखलेही मागवू नका. १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ पानांच्या प्रतिमा याच साइटवर आहेत.

नोरा का येत नाही? कारण वहीत ती नोरा नाही. ऑनोरा, हनोरा, ऑनर, नॅनो, काहीही असेल. अशा जोड्या समोर ठेवूनच बसा: ब्रिजेट म्हणजे बिडी, डीलिया, बेडीलिया. जोहाना म्हणजे हॅना, जोन. जेरेमाया म्हणजे डार्बी. टिमथी म्हणजे थेडी. यूजीन म्हणजे ओवेन. केरी-कॉर्कमध्ये गॉबनेट नावाच्या मुली इंग्रजी कागदात अ‍ॅबिगेल, अ‍ॅबी किंवा डेबोरा होतात. हे माहीत नसेल तर बहीण हातची जाते. लॅटिन वह्यांत जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस होतो. आडनावातलं ओ आणि मॅक त्या काळी सर्रास गळलेलं, म्हणून ओ'शेचा शोध 'शे' आणि 'शी' असाही घ्या.

शोधताना मुलाच्या नावावरून नको, आईबापाच्या जोडीवरून घ्या. चर्चच्या नोंदींत बाप पॅट्रिक, आईचं माहेरचं आडनाव, साल १८५० ते १८८० असं टाका, मुलाचं नाव रिकामं सोडा. एका जोडप्याची सगळी मुलं एकाखाली एक येतील, साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतराने. अशी दोन-तीन जोडपी निघाली तर घाबरू नका, केरीत निघतातच. प्रत्येकाची चाळणी लावा:

ज्या घरातलं त्या नावाचं मूल लहानपणीच गेलं, ते घर बाद. मेलेल्याचं नाव पुढच्या मुलाला देतात, म्हणून मृत्यूनंतर त्याच नावाचा दुसरा बाप्तिस्मा आहे का ते मात्र बघा.
ज्या घरातला तो १८८४ नंतर केरीतच लग्न करताना दिसतो, ते बाद.
जो १९०१ च्या जनगणनेत त्याच टाउनलँडमध्ये शेती करतोय, तो बाद.

उरलेल्या घराच्या मुलांची नावं स्प्रिंगफील्डमधल्या धर्ममाता-धर्मपित्यांच्या आणि साक्षीदारांच्या नावांशी ताडा. दोन-तीन नावं जुळली तर पकड आली. शिवाय नावं ठेवायची रीत पाहा: पहिला मुलगा बापाच्या बापावरून, दुसरा आईच्या बापावरून; पहिली मुलगी आईच्या आईवरून, दुसरी बापाच्या आईवरून. सासूबाईंच्या आजोबांचा थोरला मुलगा पॅट्रिक आणि दुसरी मुलगी नोरा निघाली तर बरंच. रीत आहे, कायदा नाही. एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नका.

वयाचं म्हणाल तर 'मे १८६४' ला चिकटून बसू नका. अलीकडे-पलीकडे पाच वर्षं घ्या. खरा जन्म १८६३ चा असेल तर सरकारी नोंद असणारच नाही, कारण ती १ जानेवारी १८६४ ला सुरू झाली, आणि पहिल्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी नोंदवलंच नाही. म्हणून बाप्तिस्मा मुख्य धरा. जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची दिसली तरी नोंद चुकीची समजू नका: नोंदणीला उशीर झाला की दंड होता, तो चुकवायला बाप रजिस्ट्रारला पुढची तारीख सांगे. बाप्तिस्मा एक-दोन दिवसांत उरकलेला असे. आणि कोणी वाढदिवस १७ मार्च सांगत असेल तर तो सेंट पॅट्रिकचा, त्याचा स्वतःचा असेलच असं नाही.

आईवडिलांचं लग्न १८६४ पूर्वीचं असणार, म्हणजे फक्त चर्चच्या वहीत. ते आईच्या माहेरच्या धर्मग्रामात शोधा, आणि लेंट सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत. उपासकाळात लग्नं लावत नसत, म्हणून फेब्रुवारीची पानं भरलेली असतात. उताऱ्यासोबत प्रतिमा नसेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या साइटवर त्या धर्मग्रामाची सूक्ष्मचित्रं आहेत, साधारण १८८० पर्यंतची. तिथे नावाने शोधता येत नाही, महिना-वर्ष निवडून पानं चाळायची. कंटाळवाणं आहे, पण उतारा करणाऱ्याने चुकीचं वाचलेलं टाउनलँड तिथेच दुरुस्त होतं.

नकाशेवाला
टाउनलँड मिळालं की १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत तिथलं प्रत्येक घर वाचा, फक्त तुमच्या आडनावाचं नाही. ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११ या रात्री घरात जे होते ते. १९११ मध्ये विवाहितांना लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि किती हयात आहेत, हे विचारलंय. हे विधवांसाठी नव्हतं, पण अनेक विधवांनी भरलं आणि कारकुनाने त्यावर रेघ मारली. रेघेखालचा आकडा वाचता येतो. तुमची नोरा १९११ ला हयात असेल आणि '९ जन्मली, ७ हयात' असं लिहिलेलं असेल तर तुम्ही जमवलेल्या मुलांच्या यादीशी ते लगेच ताडता येतं.

तेव्हाच एक गंमत दिसेल: १९०१ ला ५६ वर्षांचा माणूस १९११ ला ७१ चा. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि अख्ख्या देशाचं वय एकदम वाढलं. बहुतेकांकडे जन्माचा पुरावा नव्हता, म्हणून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत, ज्या तेव्हा जळायच्या होत्या, कारकून नाव शोधून देत. त्या शोधाचे फॉर्म नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर आहेत. पॅट्रिकच्या धाकट्या भावंडाने असा अर्ज केला असेल तर १८५१ चं त्यांचं घर, आईबापाच्या नावांसकट, फॉर्मवर उतरलेलं मिळतं. नष्ट झालेल्या जनगणनेतून एवढं मिळणं म्हणजे लॉटरीच.

ग्रिफिथनंतर जमीन कोणाकडे गेली ते व्हॅल्युएशनच्या दुरुस्ती वह्यांत. जुन्या कुळाचं नाव खोडून नवं लिहिलेलं, समासात साल, दर काही वर्षांनी शाईचा रंग वेगळा. उत्तरेतल्या सहा काउंट्यांच्या वह्या उत्तर आयर्लंडच्या अभिलेखागाराच्या साइटवर आहेत. केरीच्या डब्लिनहून मागवाव्या लागतील, टाउनलँडचं नाव आणि ग्रिफिथमधला आकडा देऊन. यातून आज त्या घरात कोण आहे इथपर्यंत पोचता येतं.

गुणसूत्र
डीएनएची बाजू थोडक्यात. चाचणी सासूबाईंची करा, नवऱ्याची नको. एक पिढी वर म्हणजे दुप्पट माहिती. आजोबांच्या चुलत-मावस भावंडांची नातवंडं सासूबाईंची तिसऱ्या फळीची चुलत-मावस (थर्ड कझिन) लागतील किंवा एक पिढी इकडेतिकडे. त्या नात्यात सरासरी ७० च्या आसपास सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) जुळतात, पण दहातल्या एकाशी शून्यही जुळू शकतात, म्हणून एक माणूस जुळला नाही यावरून कुटुंब बाद करू नका. डिंगलसारख्या टोकाच्या भागात पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं झाली आहेत. तिथे २०-३० सेंटिमॉर्गनच्या जुळण्या कुठल्या शाखेतून आल्या ते सांगता येत नाही. ४० च्या वरच्या धरा आणि त्यांच्या झाडात टाउनलँड शोधा.

खडकीकर
थोडं अवांतर. आमच्या इकडे खडकी-पुण्याच्या छावणीतल्या आयरिश शिपायांचा माग काढायचा तर हीच वाट चालेल का?

जुनं दप्तर
वाट उलटी आहे. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत. प्रतिमा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर, आणि एफआयबीआयएस या ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा इतिहास जपणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट शोध. पण त्यांत शिपायाचा हुद्दा आणि पलटण मिळते, आयरिश गाव नाही. गाव ईस्ट इंडिया कंपनीच्या भरती आणि रवानगीच्या याद्यांत, एल/एमआयएल/९ मध्ये, किंवा राणीच्या फौजेतला असेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या डब्ल्यूओ ९७ या निवृत्तीच्या कागदांत: 'अमुक पॅरिश, अमुक शहराजवळ, अमुक काउंटी'. पलटणीच्या नावावरून फसू नका. कंपनीची १ली बॉम्बे युरोपियन फ्युझिलिअर्स १८६२ मध्ये १०३ वी पलटण झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन. त्याआधीच्या कागदात 'डब्लिन' शोधून काही मिळणार नाही.

रानजाई
एक शेवटचं. नणंद विचारतेय, यावरून आयरिश पासपोर्ट मिळेल का?

वसईचा वारा
नाही. आजी-आजोबांपैकी कोणी आयर्लंडमध्ये जन्मलं असेल तर आयर्लंडच्या परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिक होता येतं. तुमच्या सासूबाईंचे आजोबा तिथले, म्हणून सासूबाई स्वतः अर्ज करू शकतात. पण मुलांच्या जन्मापूर्वी ती नोंदणी झालेली नाही, त्यामुळे नणंदेपर्यंत ते उतरत नाही. सासूबाईंना करायचा असेल तर आजोबांचा आयरिश जन्माचा दाखला लागेल, म्हणजे आधी गावच शोधा. सरकारी नोंद नसेल तर बाप्तिस्म्याचा उतारा चालतो का, ते अर्ज भरण्याआधी आयरिश वकिलातीला लेखी विचारा.